वावर : संथ भयपटांविषयी प्रस्तावना

'भयपट' हा शब्द मराठीत आता इतका ऐसपैस वापरला जातो की करवतीने माणसे कापणाऱ्या खुन्याची गोष्ट, परग्रहावरून उतरलेल्या प्राण्याची गोष्ट आणि जिन्याच्या वळणावर कुणीतरी उभे असावे अशा नुसत्या संशयाची गोष्ट, या तिन्ही त्याच्या पोटात सुखाने नांदतात. प्रस्तुत विवेचनाचा संबंध यांपैकी फक्त तिसऱ्या प्रकाराशी आहे. १९४०च्या दशकाच्या आरंभापासून १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत, बहुतांशी कृष्णधवल फितीवर, अमेरिका, इंग्लंड आणि जपान येथे असे काही मोजके चित्रपट निर्माण झाले, की ज्यांत मृत्यूनंतरही न संपलेल्या अस्तित्वाची कल्पना केंद्रस्थानी आहे आणि तरीही भूत दिसलेच तर लांबून दिसते, थोडा वेळ दिसते आणि पुष्कळदा मुळीच दिसत नाही. अशा जागेविषयी मराठी माणूस 'तिथे वावर आहे' असे म्हणतो. कोण, कशासाठी, कोणत्या रूपात, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर या शब्दात नसते. कुणाच्या तरी येण्याजाण्याची तेवढी खूण असते. ज्या चित्रपटांचा येथे विचार करायचा आहे, त्यांच्या स्वभावाला याहून नेमका शब्द सापडणे कठीण आहे.

या चित्रपटांविरुद्धची तक्रार जुनी आहे आणि ती एका वाक्यात मावते : अर्धा तास उलटला तरी काही घडत नाही. तिला नेहमीचे उत्तर असे दिले जाते की न दाखवलेले भूत दाखवलेल्या भुतापेक्षा अधिक भयंकर असते, कारण प्रेक्षक ते स्वतःच्या मनातून घडवतो. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. केवळ भीती हेच या कृतींचे साध्य असते, तर चित्रगृहाबाहेरच्या उजेडात ती विरून गेल्यावर त्यांची आठवण राहण्याचे काही कारण नव्हते. प्रत्यक्षात मात्र त्या वर्षानुवर्षे मनात राहतात, आणि राहतात त्या भीतीच्या रूपात नव्हे. भयाला पुरेसा अवधी मिळाला तर ते हळूहळू दुःखाकडे झुकू लागते, ज्याची भीती वाटत होती त्याच्याविषयीच जीव कळवळू लागतो, आणि हे घडण्याइतका अवधी प्रेक्षकाला मिळावा म्हणूनच हे चित्रपट संथ आहेत, असे प्रतिपादन येथे करायचे आहे.

त्यासाठी भारतीय रसविचारातील काही संज्ञा उपयोगी पडतात. भरताच्या नाट्यशास्त्रात भयानक रसाचा स्थायीभाव, म्हणजे मनात मुरून राहणारी मूळ भावना, 'भय' हा आहे. आणि त्याच्या विभावांत, म्हणजे ती भावना जागवणाऱ्या कारणांत, विकृत आवाज, कोल्ह्या-घुबडांचे ओरडणे आणि अरण्य यांच्याबरोबर 'शून्यागार' म्हणजे ओसाड घरही नोंदलेले आहे. स्थायीभावाबरोबर येऊन जाणारे जे तेहेतीस संचारी भाव भरताने मोजले, त्यांत शंका आणि वितर्क आहेत आणि 'त्रास'ही आहे. हा त्रास आजच्या मराठीतला नव्हे. वीज कोसळणे, मेघांचा गडगडाट, श्वापदाची डरकाळी यांनी क्षणभर दचकवणारी जी अवस्था, तिचे ते नाव आहे. (अलीकडचे काही भयपट हा शब्द दोन्ही अर्थांनी सार्थ करतात, हे ओघाने नमूद करावे लागेल.) धावत्या भयपटाचा सारा भर त्रासावर असतो, तर संथ भयपट शंका आणि वितर्क यांच्या आधारे भयाला मुरू देतो. भरताने भयानकाची उत्पत्ती बीभत्सापासून मानली आहे. येथे विचारात घेतलेल्या चित्रपटांनी मात्र बीभत्साशी असलेले हे नाते जवळजवळ तोडून टाकले आणि भयानकाला करुणाच्या शेजारी नेऊन बसवले, हे त्यांचे वेगळेपण होय.

या प्रवाहाचा उगम मोठ्या कलात्मक संकल्पात नाही, तंगीत आहे. ऑर्सन वेल्सच्या महत्त्वाकांक्षी चित्रपटांनंतर आर्थिक ओढाताणीत सापडलेल्या आरकेओ या हॉलिवुडमधील कंपनीने १९४२ मध्ये व्हॅल ल्यूटन या निर्मात्याकडे स्वस्त भयपटांचा एक विभाग सोपवला. याल्टा येथे जन्मलेला आणि बालपणीच अमेरिकेत आलेला ल्यूटन तोवर डेव्हिड सेल्झनिकच्या हाताखाली कथाविभागाचे काम पाहत होता. कंपनीच्या अटी सरळ होत्या : खर्च दीड लाख डॉलरांच्या आत, लांबी पंचाहत्तर मिनिटांच्या आत, आणि चित्रपटाचे नाव कंपनी ठरवणार. पहिले नाव आले 'कॅट पीपल'. असे नाव हाती पडल्यावर कुणीही केसाळ मुखवटा शोधायला निघाले असते. ल्यूटन आणि दिग्दर्शक जाक टूर्नर यांनी मुखवट्याचा विचार बाजूला ठेवून न्यूयॉर्कमध्ये एकटी राहणारी, सर्बियाहून आलेली, फॅशनची रेखाचित्रे काढणारी इरेना ही तरुणी उभी केली. आपल्या गावच्या दंतकथेप्रमाणे आपणही मत्सराने किंवा प्रेमाने पेटलो की बिबट्यासारखे श्वापद होऊ, या भयाने ती लग्न झाल्यावरही नवऱ्याला जवळ येऊ देत नाही. तिचे भय आधी प्रेक्षकाला केवळ मनाचा आजार वाटते, आणि पटकथेने ते तसे वाटू देण्यासाठी पुरेसा वेळ घेतला आहे.

या चित्रपटातील एक प्रसंग बारकाईने पाहण्याजोगा आहे. नवऱ्याची सहकारी ॲलिस रात्री उद्यानाच्या दगडी भिंतीलगतच्या रस्त्याने एकटी चालली आहे. रस्त्यावर दिव्यांच्या उजेडाची वर्तुळे आहेत आणि दोन वर्तुळांच्या मध्ये निखळ काळोख. तिच्या टाचांचा आवाज ऐकू येतो, मागून आणखी एका बाईच्या टाचांचा येतो. पार्श्वसंगीत अजिबात नाही. कॅमेरा आळीपाळीने दोघींची पावले दाखवतो, आणि मग मागची पावले वाजेनाशी होतात. कुणी किंचाळत नाही, काही दिसत नाही, एक आवाज तेवढा बंद पडला आहे. पण जी पावले थांबली ती थांबली की पंजे झाली, ही शंकेची पाल नेमकी त्याच शांततेत चुकचुकते. ॲलिस पळत दिव्याच्या खांबापाशी येते, आणि डरकाळीसारखा फुत्कार करत चौकटीत जे घुसते ती असते बस, आणि तो फुत्कार असतो तिच्या हवेच्या ब्रेकचा. या एका क्षणाने पुढील ऐंशी वर्षांच्या भयपटांना दचकवण्याची युक्ती शिकवली आणि तिला 'ल्यूटन बस' असे नावही मिळाले. नक्कल करणाऱ्यांनी बस उचलली, पण तिच्या आधीचा रस्ता तसाच सोडून दिला, हा या कलाप्रकाराच्या इतिहासातला मोठा विनोद म्हणावा लागेल. बस निघून गेल्यावर कॅमेरा उद्यानात फाडून टाकलेली मेंढरे आणि चिखलातले पंजांचे ठसे दाखवतो. पुढे सरकताना ते ठसे स्त्रीच्या टाचांच्या बुटांचे होत जातात. त्या ठशांत जरब आहे, पण त्याहून अधिक काहीतरी ओशाळवाणे, एकाकी असे आहे. घरी परतलेल्या इरेनाला प्रेक्षक पाहतो तेव्हा त्याला तिची भीती वाटावी की तिचे दुःख व्हावे हे ठरवता येत नाही, आणि छायालेखक निकोलस मुसुराका याच्या सावल्यांचे सारे कसब ही दुविधा टिकवून धरण्यासाठी राबलेले आहे.

१९४६ पर्यंत ल्यूटनने या विभागातून नऊ भयपट काढले. ते सगळे सारख्या तोलाचे नाहीत. 'द सेव्हन्थ व्हिक्टिम'ची पटकथा ठिकठिकाणी उसवलेली आहे आणि तरीही तिच्यातील खिन्नता विसरता येत नाही, तर शेवटच्या काही चित्रपटांत ऐतिहासिक तपशिलाच्या ओझ्याखाली वावर गुदमरला आहे. संथपणा हा स्वतःहून गुण नव्हे, हे येथेच स्पष्ट केलेले बरे. पैशाअभावी रेंगाळणारे आणि बोलून बोलून थकवणारे भयपट त्या काळीही ढिगाने निघत होते.

टूर्नरच्या वाट्याला पुढे आलेला एक अनुभव मात्र उद्बोधक आहे. १९५७ मध्ये इंग्लंडमध्ये त्याने एम. आर. जेम्सच्या कथेवरून 'नाइट ऑफ द डेमन' केला. त्यात एका बुद्धिवादी मानसशास्त्रज्ञाच्या खात्रीला हळूहळू तडे जात राहतात. पण निर्मात्याच्या आग्रहामुळे सुरुवातीलाच अक्राळविक्राळ राक्षस पडद्यावर सविस्तर दाखवला गेला. परिणामी नायकाची शंका ही प्रेक्षकाची शंका उरत नाही. नायक चुकतो आहे हे प्रेक्षकाला पहिल्या दहा मिनिटांतच कळलेले असते. त्झ्वेतान तोदोरोव्ह या समीक्षकाने १९७० मध्ये अद्भुताची मीमांसा करताना हा साहित्यप्रकार वाचकाच्या दुविधेवर उभा असतो असे मांडले. घडते ते निसर्गनियमात बसते की नाही हे ठरले की ती दुविधा संपते आणि कृती दुसऱ्याच एखाद्या प्रकारात जाऊन पडते. उरलेल्या भागात टूर्नरने वादळ, जंगल आणि हॉटेलचा लांबच लांब बोळ यांतून जे साधले ते पाहताना, तो राक्षस नसता तर, ही चुटपुट लागल्यावाचून राहत नाही.

ही दुविधा अखेरपर्यंत, किंबहुना अखेरीनंतरही टिकवणारी कृती म्हणजे जॅक क्लेटनचा 'द इनोसंट्स' (१९६१). हेन्री जेम्सच्या १८९८च्या लघुकादंबरीवर बेतलेल्या या चित्रपटाच्या पटकथेत विल्यम आर्चिबाल्ड आणि ट्रुमन कपोटी या दोघांचा हात आहे. दूरच्या एका हवेलीत दोन पोरक्या मुलांना सांभाळायला आलेल्या मिस गिडन्स या शिक्षिकेला मेलेला नोकर क्विंट आणि मुलांची पूर्वीची, आता हयात नसलेली शिक्षिका मिस जेसेल दिसू लागतात. इतर कुणालाही ती दोघे दिसत असल्याची खात्री चित्रपट देत नाही. सिनेमास्कोपची आडवी, ऐसपैस चौकट वापरणे कंपनीच्या आज्ञेमुळे भाग होते आणि एवढ्या रुंदीत गुदमरलेपण आणायचे कसे हा प्रश्न होता. छायालेखक फ्रेडी फ्रान्सिस याने भिंगापुढच्या काचांच्या कडा हाताने रंगवून चौकटीच्या दोन्ही बाजू काळोखात बुडवल्या. त्यामुळे मेणबत्ती घेऊन बोळातून चालणाऱ्या डेबोरा करच्या भोवती उजेडाचे एक बेट तेवढे उरते आणि प्रेक्षकाची नजर तिच्यावर स्थिर न राहता पुन्हा पुन्हा त्या काळ्या कडांकडे जाते, कुणी आहे का ते पाहायला. संथ भयपटात प्रेक्षक स्वस्थ बसलेला असतो हा समज किती चुकीचा आहे, हे येथे कळते. चौकट जितका वेळ टिकते तितका वेळ तो तिचा कानाकोपरा धुंडाळत असतो. हा चित्रपट मोबाइलच्या पडद्यावर भर दुपारी पाहिल्यास या साऱ्याचा एक राखाडी चौकोन होतो, आणि मग तक्रार करण्यात अर्थ नसतो.

मिस जेसेल पहिल्यांदा स्पष्ट दिसते ती दिवसाउजेडी, तळ्याच्या पलीकडच्या लव्हाळ्यांत, काळ्या पोशाखात, निश्चल. कॅमेरा तिच्याजवळ जात नाही. पण या चित्रपटाचे मर्म नंतरच्या एका छोट्या प्रसंगात आहे. मिस गिडन्स मुलांच्या अभ्यासाच्या खोलीत शिरते तो मेजाशी बसून ती बाई रडत असते. पुढच्या क्षणी खुर्ची रिकामी असते. मिस गिडन्स मेजापाशी जाते, तिथल्या पाटीवर बोट ठेवते आणि बोटाला ओल लागते, नुकत्याच पडलेल्या अश्रूची. भुताच्या अस्तित्वाचा एवढा एकच भौतिक पुरावा साऱ्या चित्रपटात आहे, आणि तो रक्ताचा किंवा ओरखड्याचा नाही. ज्या कलाप्रकाराकडून प्रेक्षक नखे आणि सुळे यांची अपेक्षा करतो, तो इथे त्याच्या बोटावर पाण्याचा एक थेंब ठेवतो. आणि तो थेंब मिस गिडन्सच्या कल्पनेतला असेल ही शक्यता जमेस धरली तर प्रसंग अधिकच केविलवाणा होतो, कारण मग रडणारी तीच असते.

'द हॉन्टिंग' (१९६३) या चित्रपटाचा दिग्दर्शक रॉबर्ट वाइज हा ल्यूटनच्याच तालमीत तयार झालेला. 'द कर्स ऑफ द कॅट पीपल' (१९४४) या त्याच्या दिग्दर्शनाच्या पहिल्या चित्रपटात मेलेल्या इरेनाचे भूत एका एकट्या मुलीची मैत्रीण होऊन येते आणि भय जवळपास नाहीसेच होते. एकोणीस वर्षांनी शर्ली जॅक्सनच्या कादंबरीकडे वळताना वाइजने भूत पूर्णपणे वगळले. या चित्रपटात ते एकदाही दिसत नाही, असतो तो फक्त आवाज. एलिनॉर ही अविवाहित बाई अकरा वर्षे अंथरुणाला खिळलेल्या आईची सेवा करून थकली आहे. आई रात्री भिंत ठोकून तिला हाक मारी, आणि एका रात्री ती ठोठावत राहिली पण एलिनॉर गेली नाही. त्याच रात्री आई गेली. भुताटकीचा अभ्यास करणाऱ्या एका संशोधकाबरोबर ती हिल हाउसमध्ये राहायला येते, आणि त्या घरातला वावर पहिल्यांदा कळतो तो भिंतींवर पडणाऱ्या ठोक्यांनी. अर्धवट झोपेत एलिनॉर आईलाच ओ देते. चित्रपट याचे स्पष्टीकरण देत नाही, आणि देण्याची गरजही नाही.

पुढे एका रात्री अंधारात कुणाचे तरी पुटपुटणे आणि मग एका मुलाचे विव्हळणे ऐकू येते. एलिनॉर त्याच खोलीत झोपलेल्या थिओ या सोबतिणीचा हात घट्ट धरून पडून राहते. कॅमेरा बराच वेळ समोरच्या भिंतीवरल्या नक्षीकडे पाहत राहतो, इतका की गिलाव्यातल्या पानाफुलांतून एक चेहरा जुळू लागतो. ती ओरडते, दिवा लागतो, आणि थिओ खोलीच्या दुसऱ्या टोकाला तिच्या पलंगावर असते. मग धरला होता तो हात कुणाचा, या प्रश्नाने अंगावर काटा येतो हे खरेच. पण त्या काट्यामागोमाग लक्षात येते की या बाईचा हात आजवर कुणी धरलाच नव्हता, आणि ज्या घराने तो धरला ते सोडून तिला कुठे जायला जागाही नाही. तिला तिथून परत पाठवायचे ठरते तेव्हा प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकत नाही.

मराठी वाचकाला हे सारे परके वाटण्याचे कारण नाही. पिंडाला कावळा शिवेना झाला की जमलेले नातलग मेलेल्याची कोणती इच्छा राहिली असेल याचा अदमास घेऊ लागतात, धाकट्याचे शिक्षण पुरे करू, जमीन विकणार नाही, असे शब्द देऊ लागतात. त्या घटकेला तिथे भय असते, पण त्याच्या तळाशी असते ती मेलेल्याच्या अपुरेपणाची जाणीव. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या कथांवर पोसलेल्या वाचकाला भयकथा आणि गूढकथा यांतला फरकही वेगळा सांगावा लागत नाही. मुंबईच्या चित्रसृष्टीत या वाटेवरचे सर्वात लक्षणीय पाऊल म्हणजे कमाल अमरोहींचा 'महल' (१९४९). बॉम्बे टॉकीजसाठी जर्मनीहून आलेल्या योसेफ विर्शिंगने त्यातली रिकामी दालने, झोपाळा आणि होडी यांवर जो प्रकाश टाकला, आणि लता मंगेशकरांना माईकपासून दूर उभे करून त्यांचा आवाज हळूहळू जवळ येत असल्याचा जो भास ध्वनिमुद्रणात साधला, त्यांतून घरातला वावर कानांना आधी कळतो. शेवटी 'महल' सगळ्याचा लौकिक उलगडा करून टाकतो, आणि पुढच्या अनेक हिंदी चित्रपटांनी तोच कित्ता गिरवला. उलगड्यामुळे भूत नाहीसे होते, परंतु त्या आवाजातली हुरहुर नाहीशी होत नाही, हे 'महल'चे सुदैव.

या विवेचनातला शेवटचा चित्रपट भयपटांच्या यादीत नेहमी धरला जातोच असे नाही. केंजी मिझोगुची यांचा 'उगेत्सु' (१९५३) उएदा अकिनारी यांच्या अठराव्या शतकातील कथांवर आधारलेला असून त्याचा काळ सोळाव्या शतकातील यादवीचा आहे. गेंजुरो नावाचा कुंभार भांडी विकून पैसा कमावण्याच्या नादात बायकोमुलाला मागे ठेवून शहरात जातो आणि वाकासा नावाच्या एका सुंदर सरदारकन्येच्या वाड्यात गुंतून पडतो. ती हयात नाही. प्रेम न अनुभवता मेल्यामुळे तिची वासना राहिली आहे. अंगावर मंत्राक्षरे लिहून घेऊन तो कसाबसा सुटतो. इथवरची गोष्ट भयकथेच्या परिचित वळणाची आहे.

तो रात्री गावी परततो. घर अंधारलेले आहे, चूल विझलेली. तो बायकोला हाका मारत मागच्या दाराने बाहेर पडतो आणि घराला वळसा घालू लागतो. छायालेखक काझुओ मियागावाचा कॅमेरा आतच राहून खिडक्यांतून दिसणाऱ्या त्याच्याबरोबर सावकाश वळत जातो आणि मग, दृश्य न तोडता, पुन्हा आतल्या बाजूला येतो. एव्हाना चूल पेटलेली असते आणि त्याची बायको मियागी तिच्यापाशी बसून स्वयंपाक करत असते. नवरा दारात येतो, तिला पाहून त्याचा जीव भांड्यात पडतो. ती त्याला खाऊपिऊ घालते, तो मुलाला कुशीत घेऊन झोपी जातो आणि ती दिव्याच्या उजेडात रात्रभर त्यांचे कपडे शिवत बसते. या सबंध वेळात प्रेक्षकाला आत काहीतरी खुपत असते, कारण रिकामे घर त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असते. सकाळी मुलाला शोधत आलेला गावप्रमुख गेंजुरोला सांगतो की मियागीला सैनिकांनी केव्हाच मारले. चित्रपट तिथेही थांबत नाही. गेंजुरो पुन्हा चाकावर बसतो, आणि त्याचा मुलगा हातात अन्नाचे भांडे घेऊन आईच्या थडग्याकडे चालू लागतो.